गिलमॅनचे रेझिन किट: घडण उत्तम, श्रेयाची ओळ अपुरी

दोन महिने रोज संध्याकाळचा थोडा वेळ देऊन मी नुकतेच एक रेझिन किट, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या रेझिनमध्ये ओतलेले आणि घरी जोडून रंगवायचे मूर्तीचे तुकडे, पूर्ण केले. किट आहे ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या १९५४ च्या अमेरिकी चित्रपटातील जलचर राक्षसाचे. चाहते त्याला ‘गिलमॅन’, म्हणजे माशासारखे कल्ले असलेला माणूस, या नावाने ओळखतात. किट बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार मालाबद्दल नाही. ती खोक्यातल्या पत्रकावर छापलेल्या एका ओळीबद्दल आहे, आणि तशीच ओळ गेली कित्येक दशके वेगवेगळ्या वस्तूंवर आणि लेखांत छापली जात आली आहे. तरीही परीक्षण मालाचे असल्यामुळे आधी मालाबद्दल लिहितो.

किट आठास एक या प्रमाणात आहे. जमिनीवरच्या प्रसंगांत हा राक्षस साकारणारे बेन चॅपमन सहा फूट पाच इंच उंच होते, त्यामुळे उभी केलेली मूर्ती साधारण पंचवीस सेंटिमीटर भरते. खोक्यात चौदा तुकडे निघतात: धड, डोके, दोन दंड, दोन हात, दोन पाय, पाठीचा पर, पोटऱ्यांचे पर आणि तीन तुकड्यांचे खडकाळ बैठकस्थान. ओतकाम स्वच्छ आहे. हवेचे बुडबुडे अडकून पडलेली छिद्रे मला फक्त दोन सापडली, तीही टाचेखाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही. साच्याच्या दोन भागांची शिवण मात्र डाव्या कुशीवरून थेट काखेपर्यंत गेली आहे आणि ती खवल्यांच्या रांगांमधून जाते. ती घासताना खवले सपाट होऊ नयेत म्हणून सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून एकेका खवल्याच्या कडेने जावे लागते. या एका शिवणीने माझ्या चार संध्याकाळी खाल्ल्या.

किटचे मोल ठरते ते डोक्यावरून, आणि डोके फार चांगले उतरले आहे. जबड्याच्या दोन्ही बाजूंना एकावर एक चढलेल्या कल्ल्यांच्या पाकळ्या आहेत. प्रत्येक पाकळीची कड किंचित बाहेर वळलेली आहे, त्यामुळे दिवा बाजूने धरला की सावल्या पडतात आणि प्राणी श्वास घेतो आहे असे वाटते. ओठ जाड, माशासारखे, कोपऱ्यांत खाली ओढलेले. कपाळाचा उंचवटा डोळ्यांवर आलेला. हा चेहरा भीतिदायक आहे हे सगळेच म्हणतात, पण तो हातात घेऊन जवळून पाहिला की आधी दिसते ते त्याचे दुःख. ओठांचा कोपरा दोन मिलिमीटर वर घेतला असता तर याच चेहऱ्याचा बेडूक झाला असता. कुणीतरी विचार करून तो कोपरा तिथे ठेवला आहे, आणि त्या ‘कुणीतरी’चे नाव काय, हाच या परीक्षणाचा खरा विषय आहे.

दोष सांगायचे तर डाव्या मनगटाच्या जोडात जवळजवळ एक मिलिमीटरची फट राहते, ती पुट्टीने भरून वर खवले पुन्हा कोरावे लागतात. पोटरीचा एक पर वाकून आला होता. गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सपाट फरशीवर दाबल्यावर सरळ झाला. जोडणीच्या सूचना चित्रांतून दिल्या आहेत आणि त्या समजतात. रंगांचा तक्ता मात्र गोंधळाचा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता ते पत्रक. जाड चकचकीत कागदाची चार पाने आहेत. शेवटच्या पानावर या किटचा मूळ नमुना कुणी घडवला, साचे कुणी केले, खोक्यावरचे चित्र कुणी रंगवले आणि रंगवलेल्या नमुन्याचे छायाचित्र कुणी घेतले, ही सगळी नावे स्वतंत्र ओळींत, कामाच्या उल्लेखासह दिली आहेत. हे पाहून मला मनापासून बरे वाटले. पण पहिल्याच पानावर चित्रपटाची माहिती देताना एवढेच छापले आहे: ‘राक्षसाची मूळ रचना: बड वेस्टमोर’. आपल्या पंचवीस सेंटिमीटरच्या मूर्तीसाठी चार माणसांची कामे वेगळी ओळखता येणाऱ्या कंपनीने मूळ सहा फुटी प्राण्यासाठी एकाच माणसाचे नाव द्यावे, आणि तेही ज्याच्या दाव्याबद्दल सर्वांत जास्त शंका आहे त्याचे, हे मला खटकले.

बड वेस्टमोर हे त्या काळी युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेकअप विभागाचे प्रमुख होते. हॉलिवूडच्या मेकअप व्यवसायात वेस्टमोर हे घराणेच होते: वडील जॉर्ज यांनी तिथल्या स्टुडिओतला पहिला मेकअप विभाग उभारला आणि त्यांचे सहाही मुलगे याच धंद्यात उतरले. विभागप्रमुख या नात्याने चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मेकअपसाठी बड यांचे नाव आले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक गिलमॅनचा कर्ता म्हणून तेच नाव सांगितले गेले. पत्रक लिहिणाऱ्याने बहुधा तीच नामावली उतरवून घेतली असावी.

प्रत्यक्षात या प्राण्याचा जन्म असा एका टेबलावर झालेला नाही. निर्माते विल्यम ॲलंड हे ‘सिटिझन केन’मध्ये बातमीदाराची भूमिका करणारे नट. त्या चित्रपटाच्या दिवसांत एका जेवणाच्या प्रसंगी मेक्सिकन छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ यांनी त्यांना ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या अर्धमानव, अर्धमत्स्य प्राण्याची दंतकथा ऐकवली. दहा-एक वर्षांनी ॲलंड यांनी त्यावर टिपण केले, मॉरिस झिम यांनी कथा रचली आणि हॅरी एसेक्स व आर्थर रॉस यांनी पटकथा लिहिली. इथपर्यंत प्राणी फक्त शब्दांत होता. पोशाखाचा पहिला प्रयत्न गुळगुळीत, वाम माशासारखा होता. तो चाचणीतच नापसंत झाला. दिग्दर्शक जॅक आर्नल्ड यांनी पुढे मुलाखतींत सांगितले की ऑस्करच्या बाहुलीला कल्ले आणि पर लावले तर आपल्याला हवा तो प्राणी मिळेल, ही सूचना त्यांची होती. म्हणजे श्रेयाच्या दारात आणखी एक माणूस उभा.

ही ऑस्करच्या बाहुलीची गोष्ट मला विशेष मौजेची वाटते, कारण त्या बाहुलीच्या श्रेयाचाही असाच एक पदर आहे. तिचे रेखाटन एमजीएम स्टुडिओचे कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांच्या नावावर आहे, पण माती हातात घेऊन ती घडवली जॉर्ज स्टॅन्ली या शिल्पकाराने. शिवाय १९२४ च्या करारानुसार स्टुडिओच्या अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक चित्रपटावर गिबन्स यांचे नाव झळकत असे, मग प्रत्यक्ष नेपथ्य त्यांच्या हाताखालच्या कुणीही केलेले असो. विभागप्रमुखाची सही म्हणजे विभागाचे काम, हा त्या काळच्या स्टुडिओंचा रिवाजच होता. गिलमॅनच्या चित्रपटाचे संगीत ऐका. पडद्यावर नाव दिसते ते संगीत विभागाच्या जोसेफ गर्शेन्सन यांचे, पण सुरावटी लिहिल्या होत्या हान्स साल्टर, हर्मन स्टाइन आणि तरुण हेन्री मॅन्सिनी यांनी, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव तिथे नाही. राक्षस पडद्यावर येताच वाजणारे ते कर्कश तीन सूरही असेच निनावी राहिले. तेव्हा वेस्टमोर यांचे नाव पडद्यावर येणे हा त्यांचा वैयक्तिक अपराध नव्हता. रिवाजाने दिलेले श्रेय घेऊन ते तिथेच थांबले असते, तर आज कुणाला त्यांच्याबद्दल कडू लिहावे लागले नसते.

ते तिथे थांबले नाहीत. त्यांच्या विभागात मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या चित्रकार काम करत होत्या. जन्म १९१५, गाव टेक्सासमधले एल पासो, मूळ आडनाव रॉसी. वडील अभियंते, कॅलिफोर्नियातील वृत्तपत्रमालक हर्स्ट यांच्या प्रसिद्ध वाड्याच्या बांधकामावर ते देखरेख करत, त्यामुळे पॅट्रिक यांचे बालपण जिथे रोज काहीतरी नवे उभे राहत होते अशा जागी गेले. पुढे कलाशाळेत शिक्षण आणि १९३९ पासून डिस्नेत नोकरी. तिथल्या सुरुवातीच्या महिला ॲनिमेटरांत त्यांची गणना होते आणि ‘फँटेशिया’वर त्यांनी काम केले आहे. मग छोट्या भूमिका करत असताना त्यांची रेखाटने वेस्टमोर यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनीच त्यांना विभागात घेतले. ही गोष्ट वेस्टमोर यांच्या बाजूने आवर्जून नोंदवायला हवी, कारण मेकअप विभागाच्या त्या कोपऱ्यात तेव्हा बाईमाणूस नसे.

गिलमॅनची जी रेखाटने पुढे पोशाखात उतरली ती पॅट्रिक यांची. हे सांगणारा पुरावा गंमत म्हणजे स्टुडिओनेच तयार केला. १९५४ च्या सुरुवातीला चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पॅट्रिक यांना अमेरिकेतल्या शहरांच्या दौऱ्यावर पाठवायचे ठरले आणि दौऱ्याला नाव दिले गेले ‘राक्षस निर्माण करणारी सुंदरी’. वेस्टमोर यांनी यावर हरकत घेतली. तेव्हा निर्मितीचा उल्लेख गाळून ती ‘राक्षसांबरोबर राहणारी सुंदरी’ झाली आणि मुलाखतींत श्रेय विभागप्रमुखांना देण्याची सूचना गेली. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यातला त्या दिवसांचा अंतर्गत पत्रव्यवहार अभ्यासकांनी पुढे शोधून काढला आणि त्यात वेस्टमोर यांचा राग स्पष्ट दिसतो. पॅट्रिक यांनी दौऱ्यात सांगितल्याप्रमाणे वेस्टमोर यांचे नाव घेतले, तरी परत आल्यावर त्या विभागात त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. त्यांनी आधीच केलेले काम ‘धिस आयलंड अर्थ’सारख्या १९५५ च्या चित्रपटात दिसत राहिले, नाव मात्र दिसले नाही. १९९८ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, मॅलरी ओमेरा यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि हे नाव सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले. त्याही आधी जुन्या भयपटांचे अभ्यासक ते घेत होतेच. म्हणून पत्रक लिहिणाऱ्याला माहिती मिळाली नसेल, हे कारण मला पटत नाही.

पण इथे मला दुसऱ्या टोकालाही हरकत घ्यायची आहे. अलीकडे अनेक ठिकाणी ‘गिलमॅन एकट्या पॅट्रिक यांनी बनवला’ असे लिहिले जाते, आणि हे किट स्वतःच्या हाताने जोडल्यावर तेही खरे वाटेनासे होते. कागदावरचे रेखाटन एका बाजूचे असते. डोक्याच्या मागे कल्ल्यांच्या पाकळ्या मानेला कशा मिळतात, जबडा उघडल्यावर ओठ कुठे ताणले जातात, कपाळाच्या उंचवट्याखाली आत बसलेल्या माणसाला बघायला फट कुठे ठेवायची, याची उत्तरे कागदावर नसतात. ती मातीत शोधावी लागतात, आणि ती शोधली क्रिस म्युलर या शिल्पकाराने, ज्याने डोके घडवले. शरीराचा फोम रबरचा पोशाख बनवला जॅक केव्हन यांनी. त्यांनी ‘द विझार्ड ऑफ ऑझ’वर काम केले होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हातपाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव तयार केले होते. हा तपशील मी आधी वाचला होता, पण त्याचा अर्थ मला काखेजवळची ती शिवण घासताना कळला. या प्राण्याचे खवले काखेत, कोपरात आणि गुडघ्यामागे बारीक होत जातात, छातीवर आणि मांड्यांवर मोठे होतात. जिथे शरीर वाकते तिथे ताठ काहीच ठेवलेले नाही. माणसाचा अवयव कुठे आणि किती वाकतो हे ज्याला हातांनी ठाऊक आहे, अशाच कारागिराला हे सुचते.

मग पोशाखाच्या आत शिरणारी माणसे. जमिनीवर चॅपमन, पाण्याखाली रिकू ब्राउनिंग. चॅपमन दिवसाला चौदा तास त्या रबरात असत, बसता येत नसे, अंग तापले की स्टुडिओच्या तळ्यात उतरून थांबत किंवा अंगावर पाण्याची नळी मारून घेत. त्यांना समोरचे नीट दिसत नसे, त्यामुळे नायिका ज्युली ॲडम्स यांना उचलून गुहेतून नेताना ॲडम्स यांचे डोके भिंतीला घासले गेले. ब्राउनिंग यांचे काम फ्लोरिडातील वाकुला स्प्रिंग्जच्या स्वच्छ पाण्यात झाले. पाठीवर हवेची टाकी नाही. कॅमेऱ्याबाहेर ठेवलेल्या नळीतून श्वास भरून घ्यायचा, नळी सोडायची आणि श्वास पुरेल तोवर पोहायचे. नायिका पृष्ठभागावर पोहते आहे आणि तिच्या बरोबर खाली, उताणा होऊन, तिच्याच लयीत हा प्राणी पोहतो आहे, हा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना गिलमॅन म्हटले की आधी तोच आठवतो. नायिकेच्या जागी तिथे जिंजर स्टॅन्ली पोहत होत्या. ती लय ना रेखाटनात होती ना मातीत. आणि चॅपमन, ब्राउनिंग या दोघांचीही नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत.

किटच्या रंगतक्त्यातला गोंधळ इथूनच आला आहे. पाण्याखालचा पोशाख जमिनीवरच्या पोशाखापेक्षा फिकट, पिवळसर ठेवला होता, खोल पाण्यात तो उठून दिसावा म्हणून. किटची मुद्रा जमिनीवरची आहे, म्हणजे चॅपमन यांची: एक पाय पुढे, उजवा हात पसरलेला, खांदे जड. तक्त्यात मात्र पोटाला आणि छातीला पाण्याखालच्या पोशाखाचा पिवळसर रंग सुचवला आहे आणि पाठीला रेनॉल्ड ब्राऊन यांच्या प्रसिद्ध पोस्टरवरचा हिरवा. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे कुणी पडताळायला येणार नाही हे खरे, पण दोन माणसांची दोन कातडी एकाच मूर्तीवर चढवली की मूर्ती कुणाचीच राहत नाही. मी तक्ता बाजूला ठेवला. गडद हिरव्यात थोडा तपकिरी मिसळून पहिला थर दिला, खवल्यांच्या फटींत पातळ काळपट रंग उतरू दिला आणि कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिकट शेवाळी फिरवला. ओठ लाल करण्याची सूचनाही मानली नाही. ओठांना पाठीचाच रंग एक छटा उजळ करून दिला, आणि ते दुःख शाबूत राहिले.

श्रेयाचा हा पेच एकट्या गिलमॅनचा नाही. त्याच स्टुडिओच्या १९३१ च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मधील राक्षसाचा चेहरा जॅक पिअर्स यांचा म्हणून ओळखला जातो आणि तो त्यांचाच आहे, पण जड, अर्धवट मिटलेल्या पापण्यांची सूचना बोरिस कार्लोफ यांची होती, आणि दातांचा पूल काढून गाल आत ओढण्याची युक्ती त्यांच्याच तोंडात घडली. पिअर्स यांना स्टुडिओने १९४० च्या दशकात काढून टाकले आणि त्यांच्या खुर्चीवर आले ते हेच वेस्टमोर. उलट उदाहरण ‘एलियन’चे. त्याच्या राक्षसाची रेखाटने हान्स रुडी गिगर यांची आहेत, याबद्दल कुणाला शंका नाही, तरी दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले तेव्हा गिगर यांच्या बरोबरीने यंत्रचलित डोके बनवणारे कार्लो रामबाल्दी आणि इतर तिघांची नावे पुकारली गेली. पाच नावे घेतल्याने गिगर यांचे काही कमी झाले नाही. १९५४ साली मात्र मेकअपसाठी ऑस्करचा नियमित विभागच नव्हता, तो १९८१ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, म्हणून गिलमॅनच्या बाबतीत असा नावे पुकारण्याचा क्षण आलाच नाही.

मग कंपनीने काय छापायला हवे होते? माझ्या मते ‘रचना’ या शब्दापुढे मिलिसेंट पॅट्रिक यांचेच नाव यावे, कारण आज आपण सावलीवरूनही जो आकार ओळखतो तो आधी त्यांच्या कागदावर उमटला आणि दुसऱ्या कुणाच्या कागदावर उमटल्याचा तितका भक्कम पुरावा नाही. आर्नल्ड यांची ऑस्करची बाहुली ही एक सूचना आहे. सूचना उपयोगी पडते, पण बाहुलीला कल्ले लावा म्हणणे आणि ते कल्ले काढून दाखवणे यांत बरेच अंतर आहे. त्याखाली ‘डोक्याचे शिल्प’ म्हणून म्युलर, ‘पोशाख’ म्हणून केव्हन, ‘भूमिका’ म्हणून चॅपमन आणि ब्राउनिंग. आणि ‘मेकअप विभागप्रमुख’ म्हणून वेस्टमोर, कारण ते होतेच, माणसे त्यांनी निवडली, पहिला पोशाख नापसंत झाल्यावर काम पुन्हा उभे केले ते त्यांच्याच विभागाने, आणि असल्या कामात वेळ आणि पैसा सांभाळणारा माणूस नसेल तर रेखाटने फळ्यावरच राहतात. या सगळ्याला पाच ओळी लागतात. पत्रकावर पाच ओळींना पुरून उरेल इतकी जागा आहे. त्या जागेत कंपनीने आपल्या पुढच्या चार किटांची जाहिरात केली आहे.

वेस्टमोर यांच्याबद्दल माझे मत कठोर आहे हे मी लपवत नाही. श्रेय आपोआप मिळणे वेगळे आणि दुसऱ्याचे श्रेय पुसण्यासाठी पत्रे लिहिणे वेगळे. पहिले त्यांच्या पदाने केले, दुसरे त्यांनी स्वतः केले. तरीसुद्धा त्यांचे नाव पत्रकातून पूर्ण काढून टाकावे असे मला वाटत नाही, कारण एक नाव खोडून दुसरे लिहिण्याची सवयच तर मुळात या घोटाळ्याला कारणीभूत आहे.

किट घ्यावे का, तर घ्यावे. पहिल्यांदाच रेझिन हाताळणाऱ्याने मात्र यापासून सुरुवात करू नये. ती काखेची शिवण आणि मनगटाची फट नवशिक्याचा धीर खचवतील. आधी दोन-तीन साधी किट हाताखालून गेलेली असावीत. घासताना तोंडाला मास्क हवाच, रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि शक्य तिथे ओल्याने घासावे. पाय बैठकस्थानात बसवण्यापूर्वी टाचेतून पितळी तार घालावी, नाहीतर पुढे झुकलेल्या या मुद्रेचे सगळे वजन एका घोट्यावर येते आणि नुसत्या सुपरग्लूचा जोड महिनाभरात सुटतो. माझा सुटला, तेव्हा तार घातली. डोके सगळ्यात शेवटी चिकटवावे, म्हणजे कल्ल्यांच्या मागच्या बाजूला ब्रश पोहोचतो.

बैठकस्थानावर पितळी रंगाची एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर फक्त चित्रपटाचे नाव आहे आणि ती मी तशीच ठेवली. तळाला मात्र कंपनीच्या शिक्क्याखाली हाताच्या पंजाएवढी कोरी जागा मिळाली. तिथे झिरो नंबरच्या ब्रशने मी सहा नावे लिहिली, प्रत्येकाच्या आधी त्याचे काम. वेस्टमोर शेवटी आले, आणि जागा संपत आल्यामुळे त्यांचे आडनाव थोडे खाली उतरले आहे.